मणक्यावर हात ठेवण्याआधी विचारा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या गेल्या रविवारच्या अंकात तिसऱ्या पानावर एक फोटो होता. देवळाच्या सभामंडपात सतरंजी अंथरलेली, तिच्यावर एक म्हातारी बाई पालथी पडलेली आणि तिच्या पाठीवर दोन्ही तळहात रोवून एक तरुण उभा. खाली ओळ होती, मोफत मणके शिबिराचा दोनशे जणांनी लाभ घेतला. शिबिराची वेळ सकाळी नऊ ते दुपारी दोन. मी आयुष्यभर गाडीच्या वेळा सांभाळल्या, त्यामुळे हिशोब आपोआप होतो. पाच तास म्हणजे तीनशे मिनिटं. माणशी दीड मिनिट. त्या दीड मिनिटात चप्पल काढून आडवं व्हायचं, पाठ वाजवून घ्यायची आणि उठायचं. त्या माउलीला काही विचारायला वेळ होता कुठे?

हा फोटो पाहिल्यापासून मी अस्वस्थ आहे, म्हणून हे पत्र. जरा लांबेल, पण पूर्ण वाचावं ही विनंती.

मी बत्तीस वर्षं लाल गाडी चालवली. त्यातली बरीचशी घाटात, पसरणीच्या आणि आंबेनळीच्या. वस्तीच्या गाडीला रात्री टपावर नाहीतर सीटवर झोपायचं आणि पहाटे पुन्हा स्टिअरिंगवर बसायचं. नोकरीवर माझं मनापासून प्रेम होतं, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण तासन् तास बसून धक्के खाणाऱ्या माणसाची कंबर कधी ना कधी बोलतेच. माझी पंचेचाळिशीत बोलायला लागली. आधी उसण भरायची. मग उजव्या कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत विजेची तार ओढल्यासारखं व्हायला लागलं.

आपल्याकडे जे जे करतात ते सगळं मी केलं. निर्गुडीच्या पाल्याचा शेक घेतला. शेजारच्या गावात एक पायाळू गृहस्थ होते, त्यांच्याकडून कमरेला पाय लावून घेतला. पट्टा बांधला. एकाने सांगितलं गादी सरकलीय, दुसऱ्याने सांगितलं मणक्यात गॅप आलाय, तिसरा म्हणाला नस दबलीय. एका हाडवैद्याने पाठीत गुडघा रोवून खांदे मागे ओढले. कडाडून आवाज झाला आणि चार दिवस बरं वाटलं. पाचव्या दिवशी मी क्लच दाबायला पाय उचलू शकलो नाही. त्या माणसाचा हेतू वाईट नव्हता. पण त्यानेही मला एक प्रश्न विचारला नव्हता.

निवृत्त झाल्यावर २०२३ च्या उन्हाळ्यात मी आणि घरची मुलीकडे बर्मिंगहॅमला गेलो. मुलगी तिथे नर्स आहे. नऊ तास विमानात बसून उतरलो तर मी सरळ उभा राहीना. मुलीने तिथल्या एका कायरोप्रॅक्टर बाईंची वेळ घेतली. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. हाताने मणके आणि सांधे हलवून उपचार करणारे लोक, एवढंच तिने सांगितलं. मी म्हणालो, म्हणजे हाडवैद्यच की. ती म्हणाली, “अण्णा, आधी नाव तपासू द्या.” आणि मोबाइलवर एका नोंदवहीत त्या बाईंचं नाव शोधलं. ब्रिटनमध्ये १९९४ साली कायदा झाला, त्याखाली एक परिषद आहे, आणि त्या परिषदेकडे नोंद नसलेल्या माणसाने स्वतःला कायरोप्रॅक्टर म्हणवून घेणं हा तिथे गुन्हा आहे. माझ्या खिशात बत्तीस वर्षं लायसन आणि छातीवर बिल्ला होता. त्याशिवाय मला कुणी गाडीची चावी दिली नसती. माणसाच्या पाठीलाही तसाच बिल्ला लागतो, हे मला साठीत कळलं.

त्या बाईंनी पहिल्या भेटीत चाळीस मिनिटं घेतली. त्यातली तीस मिनिटं मला हातच लावला नाही, नुसते प्रश्न विचारले. मुलगी मराठीत सांगायची, मी उत्तर द्यायचो. काही प्रश्न मुलीसमोर उत्तर देताना संकोच वाटावा असे होते. लघवी अडते का, नकळत होते का? शौचाची जाणीव राहते का? मांड्यांच्या मधे, खोगीर टेकतं त्या भागात बधिरपणा आहे का? कमरेच्या शेवटी नसांचा जुडगा असतो, तो दाबला गेला की ही लक्षणं दिसतात आणि मग मालीश, झटका, हलका उपचार यातलं काहीही न करता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं असतं. उशीर झाला तर नियंत्रण कायमचं जाऊ शकतं. मला वीस वर्षांत कुणी हे सांगितलं नव्हतं.

मग पुढचे प्रश्न. रात्री झोपेतून उठवणारी कळ येते का? वजन विनाकारण उतरलंय का? बारीक ताप येतो का? घरात कुणाला क्षयरोग झाला होता का? हा शेवटचा प्रश्न त्यांनी मी भारतातून आलो म्हणून मुद्दाम विचारला. मणक्याचाही क्षय होतो आणि सुरुवातीला तो साध्या पाठदुखीसारखाच वागतो, तेव्हा आपल्या भागात तर हा प्रश्न सगळ्यात आधी हवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? कधी पडलात का? आणि स्टेरॉइड घेतलंय का?

तिथे मी अडखळलो. मला दमा आहे. दम वाढला की गावातले डॉक्टर गोळ्यांचा कोर्स द्यायचे, वर्षातून तीनतीन चारचार वेळा, कितीतरी वर्षं. मुलीने त्यांना गोळीचं नाव सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, या माणसाची हाडं किती घट्ट आहेत ते कळेपर्यंत मी यांच्या पाठीवर जोराचा दाब देणार नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या लांबल्या की हाडं ठिसूळ होतात. माझ्या डोळ्यासमोर तो हाडवैद्याचा गुडघा आला.

नंतर तपासणी. गुडघ्यावर हातोडी, पायाचा अंगठा वर ओढायला लावून ताकद पाहणं, पाय सरळ ठेवून वर उचलणं. मग काय करणार, त्याने काय होऊ शकतं, काय होणार नाही, हे सांगून माझी सही घेतली. मी गावात वीस वर्षांत किती जणांसमोर पाठ उघडी केली, सही सोडा, कुणी “करू का?” एवढंही विचारलं नव्हतं.

आता उपचार. हे मी खुलासेवार लिहितो, कारण आपल्याकडे मोबाइलवर जे दिसतं त्यावरून लोकांना वाटतं कायरोप्रॅक्टिक म्हणजे मान पिरगाळून कडकन आवाज काढणं. तो एक प्रकार आहे, झटक्याचा. थोडंच अंतर पण फार वेगाने. माझ्यावर त्यांनी तो एकदाही केला नाही.

पहिला प्रकार पाचरींचा. दोन पाचरी, आपण चढावर चाकाखाली लावतो तशाच आकाराच्या, पण रबरी. मी आडवा झालो, त्यांनी एक पाचर एका बाजूच्या कुल्ल्याखाली आणि दुसरी दुसऱ्या बाजूला वेगळ्या कोनात सरकवली आणि बाजूला बसून राहिल्या. ढकलणं नाही, ओढणं नाही. माझंच वजन हळूहळू कंबर सैल करत होतं.

दुसरा प्रकार टेबलाचा. त्या टेबलाला कमरेच्या जागी बिजागरी असते. पालथं झोपायचं, घोटे हलके बांधतात आणि कमरेखालचा भाग इंचभर खाली जातो, परत वर येतो. त्यांचा एक तळहात माझ्या दुखऱ्या मणक्याच्या वर टेकलेला, फक्त जागा धरून ठेवायला. मी मनात मोजत होतो. चार आकड्यांत एक फेरा, असे पाच फेरे, मग विश्रांती. पुन्हा पाच. कमानपाट्याला नवं ग्रीस भरल्यावर गाडी पहिल्या खड्ड्यातून जशी मऊ उतरते, तसं वाटलं. प्रत्येक फेऱ्याआधी विचारायच्या, पायात कळ गेली का? गेली म्हणालो की तिथेच थांबायच्या.

तिसरं एक छोटं हत्यार, पेनासारखं, आत स्प्रिंग. टोक मणक्याशेजारी टेकवून दाबलं की बारीक टक् होतं. अमेरिकेत १९६० च्या दशकात हे निघालं. माझ्या पाठीवर फक्त दोनदा वापरलं. मला त्याने फार काही जाणवलं नाही, हे खरं सांगतो. आणखी एक असं टेबल होतं ज्याचा तुकडा किंचित उचलून ठेवतात आणि हलका दाब दिला की तो अर्धा-पाऊण इंच खाली पडतो. त्याचा ठक् आवाज ऐकून मी दचकलो. हसून म्हणाल्या, वाजलं ते टेबल, तुम्ही नाही.

मग मी माझ्या मनात वर्षानुवर्षं बसलेला प्रश्न विचारला. हाडवैद्याने काढलेला तो कडाडून आवाज, तो मणका जागेवर बसल्याचा नव्हता का? त्या म्हणाल्या, नाही. सांध्यात वंगणासारखं पाणी असतं. सांधा पटकन ताणला की आतला दाब उतरतो आणि त्या पाण्यात वायूची पोकळी होते. २०१५ साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात माणसाचं बोट एमआरआयमध्ये ठेवून ओढलं आणि कडकन वाजताना ती पोकळी तयार होताना पाहिली. आपण बोटं मोडतो तेव्हा जे होतं तेच. मणका काही सरकून गेलेला नसतो आणि आवाजाने तो परत येऊन बसत नाही. आवाज आला म्हणजे गुण आला, नाही आला म्हणजे पैसे वाया, असं काही नसतं.

संपादक महाराज, आपल्या फोटोखालच्या बातमीत ‘कटकट आवाज करून मणके बसवले’ असं वाक्य होतं. ते वाक्य वाचून उद्या कुणीतरी आपल्या आईला घेऊन जाईल. एवढ्यासाठी मी हे सगळं लिहितोय.

मानेबद्दल तर विशेष. मानेच्या मणक्यांना बाजूला भोकं असतात आणि त्यातून मेंदूकडे जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या वर चढतात. मान जोरात पिरगाळली तर क्वचित त्यांच्या आतल्या अस्तराला चीर पडते, तिथे गुठळी होते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात. क्वचित होतं हे खरं. पण आपल्याकडे सलूनमध्ये दाढी झाल्यावर मान डावी-उजवी मोडून देतात, आणि आपण ती आपणहून पुढे करतो. त्या बाईंनी माझ्या मानेला झटका देणार नाही असं पहिल्या दिवशीच कागदावर लिहिलं. मानेला काही करून घेतल्यावर कधी नव्हे तशी डोकेदुखी किंवा मानदुखी सुरू झाली, चक्कर आली, एकाचे दोन दिसायला लागले, जीभ जड झाली, तर झोपून राहू नका, हॉस्पिटलात जा. हेही त्यांनीच सांगितलं.

आता मी त्या उपचाराची जाहिरात करतोय असं कुणाला वाटू नये. मला सहा भेटींत आराम पडला. पण त्या बाईंनीच सांगितलं होतं की नव्याने भरलेली कंबर बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपली आपण सैल होते, त्याचं सगळं श्रेय मला देऊ नका. हलक्या हाताचा उपचार झटक्याच्या उपचारापेक्षा जास्त गुणकारी आहे असाही दावा त्यांनी केला नाही. माझ्या हाडांना आणि माझ्या वयाला तो जास्त सुरक्षित, एवढंच. ब्रिटनच्या आरोग्यसेवेला सल्ला देणाऱ्या नाइस या संस्थेने २०१६ साली पाठदुखीसाठी सांगितलं की हाताचे उपचार करायचे तर व्यायामाच्या जोडीनेच, नुसते नाहीत. म्हणून प्रत्येक भेटीत शेवटची दहा मिनिटं माझ्याकडून व्यायाम. ओणवं होऊन मांजरासारखी पाठ वर-खाली करायची. पालथं पडून कोपरांवर उठायचं. रोज चालायचं, आधी वीस मिनिटं. मी आजही करतो, आणि माझ्या मते खरा फरक त्यानेच पडला.

मुलीने मला या विद्येचा इतिहासही वाचून दाखवला. १८९५ साली अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावी डॅनियल डेव्हिड पामर नावाच्या माणसाने हार्वे लिलार्ड या सफाई कामगाराचा मणका दाबला आणि त्याचं बहिरेपण गेलं, असा दावा केला. पुढे जवळजवळ सगळ्या रोगांचं मूळ मणक्यात आहे असं तो सांगू लागला. ती गोष्ट वाचून मी त्या बाईंना सरळ विचारलं, मग माझा दमा जाईल का? त्या म्हणाल्या, मुळीच नाही, तुमचा पंप बंद करू नका. असं स्पष्ट सांगणारा माणूस मला भरवशाचा वाटतो. आपल्या शिबिराच्या बातमीत मात्र मधुमेह, रक्तदाब आणि गुडघे, सगळंच बरं होतं असं छापलंय.

परत आल्यावर पुण्यात हाडांच्या घनतेची तपासणी केली. हाडं ठिसूळ निघाली. औषध चालू आहे. सध्या साताऱ्याला एका फिजिओथेरपिस्टकडे महिन्यातून एकदा जातो. तेही मणका अगदी हळू, लयीत, झटका न देता हलवतात आणि व्यायाम तपासतात. म्हणजे हलक्या हाताचा उपचार आपल्याकडे मिळत नाही असं नाही. तो घ्यायला बर्मिंगहॅमला जावं लागत नाही.

आता ज्या गोष्टीने मला पेन उचलायला लावलं ती. आमच्या डेपोतला माझा एक जोडीदार, वीस वर्षं तो कंडक्टर आणि मी ड्रायव्हर. त्याच्या बायकोला, आमच्या वहिनींना, गेल्या दिवाळीनंतर पाठ दुखायला लागली. असंच एक शिबिर, अशीच सतरंजी. पालथं झोपवून पाठीवर दाब दिला. कट् झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वहिनींना उठता येईना. दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला तर पाठीचा एक मणका चेपलेला. वय अडुसष्ट, गर्भाशय चाळिशीतच काढलेलं, हाडं आधीच पोखरलेली. डॉक्टर म्हणाले, मणका आधीपासून कच्चा असणार, शिंकेनेही चेपला असता. असेल. पण शिंकेला तरी कुणी टाळ्या वाजवत नाही. मी भेटायला गेलो तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. म्हणाल्या, “भाऊजी, त्याने एकदा जरी विचारलं असतं ना, मी सगळं सांगितलं असतं.”

शिबिर घेणाऱ्याला मी जाऊन भेटलो. वयाने माझ्या मुलासारखा. भांडलो नाही. कुठे शिकलास विचारलं. पंधरा दिवसांचा कोर्स केला म्हणाला, बाकी व्हिडिओ बघून. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली या उपचारासाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात पूर्ण शिक्षणाला चार वर्षं आणि किमान ४,२०० तास धरले आहेत. त्या पोराला हे माहीतच नव्हतं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं आणि त्याला अडवणारंही कुणी नव्हतं. आपल्याकडे डॉक्टरांची परिषद आहे. फिजिओथेरपिस्टसाठीही महाराष्ट्रात २००२ चा कायदा आणि परिषद आहे. कायरोप्रॅक्टर ही पाटी लावणाऱ्यासाठी मात्र वेगळी वैधानिक परिषद नाही. ज्याला वाटेल त्याने पाटी लावावी.

माझं मागणं मोठं नाही. शिबिराला सभामंडप देणाऱ्या ग्रामपंचायतीने आणि मंडळाने उपचार करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक मागावा आणि तो बोर्डावर लिहायला लावावा. क्रमांक नसेल तर रक्तदाब तपासा, व्यायाम शिकवा, पण पाठीला आणि मानेला दाब देऊ नका. सरकारने या उपचाराची नोंद कुठल्या परिषदेत घ्यायची ते ठरवावं. ब्रिटनने १९९४ साली ठरवलं, आपल्याला काय अडचण आहे? आणि वर्तमानपत्राने, विशेषतः आपल्यासारख्या घरोघरी विश्वासाने वाचल्या जाणाऱ्या वर्तमानपत्राने, अशा शिबिराची बातमी छापण्याआधी बातमीदाराला एवढंच विचारायला सांगावं, की तिथे उपचाराआधी माणसाला काय काय विचारलं.

बर्मिंगहॅमच्या त्या बाईंनी मला विचारलेले प्रश्न मुलीने मराठीत लिहून दिले आहेत. वहीच्या एका पानावर मावतात. त्याच्या झेरॉक्स काढून मी आमच्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या मासिक बैठकीत वाटल्या. वहिनींनी त्यात स्वतःहून एक प्रश्न वाढवला आहे, बायकांसाठी: पाळी कितव्या वर्षी गेली, गर्भाशय काढलंय का? आपल्या पुरवणीत चौकोनभर जागा असेल तर ते पान पाठवतो. अक्षर मुलीचं आहे, स्पष्ट आहे.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त बसचालक, ता. वाई, जि. सातारा